प्रेशर वॉशिंगचा दिवसाचा दर: 300 ने नव्हे, 170 ने भागा

‘दिवसाचे किती घेता?’ हा सोसायटीच्या सेक्रेटरीचा पहिला प्रश्न. प्रेशर वॉशिंगच्या, म्हणजे जोरदार दाबाच्या पाण्याने जमिनी, पार्किंग वगैरे धुण्याच्या धंद्यात नव्याने उतरलेले बरेच जण दुसऱ्या कुणाचा तरी आकडा ऐकून, त्यातून पाचशे रुपये कमी करून याचं उत्तर देतात. काम मिळतं, वर्षभर मिळत राहतं. मग एक दिवस पंपाचं हेड जातं आणि नवीन पंपाला पैसे नसतात. तोवर मालकाने स्वतःचा पगारही धड घेतलेला नसतो.

वर्षाचा खर्च किती, याचा अंदाज बहुतेकांना असतो. घोळ होतो तो खर्च किती दिवसांनी भागायचा तिथे. महिन्याचे 25 दिवस म्हणजे वर्षाचे 300, असं सरसकट धरलं जातं. पण हे पावसावर, पाण्यावर, दुसऱ्यांच्या गाड्या हलण्यावर आणि कमिटीच्या मंजुरीवर अवलंबून असलेलं काम आहे. त्यात 300 दिवस बिल होत नाही. म्हणून आधी दिवस मोजू, पैसे नंतर.

बिल होणारे दिवस

पुण्यासारखं शहर, एक यंत्र, मालक स्वतः लान्स (गनच्या पुढची लांब नळी) धरतो आणि सोबत एक हेल्पर, असं उदाहरण घेऊ. 365 दिवसांतून 52 सुट्ट्या गेल्या, गणपती-दिवाळी वगैरे सणांचे 12 गेले, उरले 301. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत कामाचे साधारण 90 दिवस येतात. त्यांतल्या 25 दिवसांना आच्छादित पार्किंग किंवा उघडीप मिळाली असं धरलं तरी 65 दिवस गेले. राहिले 236. साइट बघणं, मोजमाप, कोटेशन, वसुलीच्या फेऱ्या आणि यंत्राची दुरुस्ती यांत वर्षाला 20 दिवस सहज जातात. राहिले 216. उरलेल्यांतही काम न मिळालेले, ऐनवेळी रद्द झालेले, ‘आज पाणीच आलं नाही’ म्हणून परत फिरलेले दिवस असतात. ते 46 धरा. हातात आले 170.

हा आकडा गावागणिक बदलतो आणि तुमचा तुम्हीच मोजायला हवा. कोकणात आणि गोव्यात पावसाळा लांब आणि जोरदार, त्यामुळे बाहेरच्या कामाचे दिवस आणखी घटतात. विदर्भात एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी माणूस उभा राहू शकत नाही. सकाळी 6 ते 11 आणि पुन्हा 4 ते 7 असं काम करावं लागतं आणि एका दिवसाचं काम दीड दिवसावर जातं. मराठवाड्यात उन्हाळ्यात पाणीच नसतं. पुण्या-मुंबईतही पाणीकपातीच्या काळात पिण्याचं पाणी धुण्याला वापरायला पालिका मनाई करते. तेव्हा बोअरचं किंवा प्रक्रिया केलेलं पाणी नसेल तर काम थांबतं.

वर्षाचा खर्च

पुढचे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या बिलांवरून ते बदला, रीत तीच ठेवा.

मालकाचा पगार महिना 30,000, म्हणजे वर्षाला 3,60,000. हा खर्च आहे, नफा नाही. उद्या तुमचा हात मोडला तर लान्स धरायला दुसरा माणूस पगारावरच ठेवावा लागेल. हेल्परला महिना 17,000, दिवाळीचा एक पगार धरून वर्षाला 2,21,000. हेल्परला रोजावर ठेवून पावसात खाडे लावायचे, असं काही जण करतात. त्याने कागदावर खर्च कमी दिसतो खरा, पण ऑक्टोबरमध्ये ऐन हंगामात शिकलेला माणूस दुसरीकडे गेलेला असतो. नवा माणूस पहिल्याच आठवड्यात नळ बंद असताना यंत्र चालू करून पंपाचे सील जाळतो. माझ्या मते महिन्याचा पगारच द्यावा आणि दरात तो धरावा.

यंत्र 45,000, सरफेस क्लीनर (सपाट जमीन धुणारी, आत नोझलचे हात फिरणारी चकती) 9,000, 30 मीटर होज, गन, लान्स आणि टर्बो नोझल मिळून 14,000, टाकी आणि छोटा बूस्टर पंप 6,000, केबल आणि आरसीसीबीची (वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचची) पेटी 9,000. एकूण 83,000. दिवसाला साडेचार तास गनचा ट्रिगर दाबलेला धरला (ते कसे येतात हे पुढे येईल) तर वर्षाला 765 तास होतात, तीन वर्षांत सुमारे 2,300. एवढं झाल्यावर संच बदलायचा, असा घसारा धरला तर वर्षाला 28,000. तेल, सील किट, व्हॉल्व्ह किट, नोझल आणि वर्षातून एखादी होज यांचे 18,000. तीनचाकी टेम्पोचा हप्ता, विमा आणि दुरुस्ती 96,000. गाळ्याचं भाडं, फोन, हिशेबनीस, अपघात विमा आणि दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीचा विमा मिळून 72,000.

बेरीज 7,95,000. ही 170 ने भागली की दिवसाला 4,676 येतात. त्यात रोजचा खर्च मिळवायचा: टेम्पोचं इंधन 300, रसायनं, हातमोजे, गमबूट यांची झीज 250, चहा-जेवण 150, असे 700. झाले 5,376. यावर 15 टक्के ठेवा, म्हणजे 6,182. सांगायचा दर 6,200. हे 15 टक्के बुडालेल्या बिलांसाठी, पुन्हा कराव्या लागलेल्या कामासाठी आणि पुढे दुसरं यंत्र घेण्यासाठी आहेत.

आता हाच खर्च 300 ने भागून बघा. 2,650 अधिक 700, म्हणजे 3,350. माणूस 3,500 सांगतो आणि दिवसाला दीडशे सुटतात असं समजतो. प्रत्यक्षात 170 दिवसांत 5,95,000 जमा होतात आणि खर्च होतो 9,14,000. तूट 3,19,000. ही तूट कुठून भरली जाते? मालकाच्या 3,60,000 मधून. त्याला वर्षाकाठी 41,000 उरतात, म्हणजे महिन्याला साडेतीन हजारांच्याही आत. हेल्परला 17,000 देणारा मालक स्वतः साडेतीन हजारांवर राबतो, आणि ते त्याला दिसत नाही, कारण घसाऱ्याचे पैसे अजून खिशातून गेलेले नसतात. ते यंत्र बंद पडतं त्या दिवशी जातात.

एक दिवस म्हणजे नेमकं काय

गिऱ्हाइकाच्या मनात दिवस म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाण्याची धार चालू. तसं कधीच होत नाही, आणि हे आधी सांगितलं नाही तर दुपारी चार वाजता वाद होतो. सकाळी 9 ते संध्याकाळी 6, मध्ये एक तास जेवण, म्हणजे आठ तास. त्यातली 45 मिनिटं मांडणीत जातात: टाकी लावणं, फिल्टर बघणं, केबल ओढणं, झाडं आणि विजेचे बोर्ड झाकणं. आवरायला 45 मिनिटं. होज फिरवणं, राहिलेल्या गाड्या हलवणं, गाळ ओढणं, शेवटचं पाणी मारणं यांत दोन तास. ट्रिगर दाबलेला वेळ उरतो साडेचार तास. हा वेळ अंदाजाने धरू नका. मोटारवर तास मोजणारा मीटर बसवा. तो स्वस्तात मिळतो आणि तेल कधी बदलायचं हेही त्यावरूनच कळतं.

साडेचार तासांत किती क्षेत्र होतं ते यंत्रावर ठरतं. इथे नुसते बार, म्हणजे पाण्याच्या दाबाचा आकडा, बघून फसू नका. बार गुणिले मिनिटाला लिटर, भागिले 600, म्हणजे पाण्यात उतरलेले किलोवॅट. 120 बार आणि 10 लिटर म्हणजे 2 किलोवॅट. 3 एचपीच्या मोटारची ताकद 2.2 किलोवॅट, त्यात हे जेमतेम बसतं. माहितीपत्रकावर ‘2 एचपी, 200 बार, 10 लिटर’ लिहिलं असेल तर हिशेबाने 3.3 किलोवॅट लागतात आणि मोटार आहे दीड किलोवॅटची. असे आकडे धरून क्षेत्र कबूल केलं तर पहिल्याच दिवशी तोंडघशी पडाल. मळ सुटतो दाबाने, वाहून जातो लिटरने. सपाट जागेवर कामाचा वेग लिटर ठरवतात.

3 एचपी, 120 बार, 10 लिटरच्या यंत्राला 12 इंची सरफेस क्लीनर लावला तर शेवाळलेल्या पेव्हर ब्लॉकवर तासाला 300 ते 350 चौरस फूट होतं. दिवसाला साधारण 1,500. 6,200 ला 1,500 ने भागलं की चौरस फुटाला चार रुपये तेरा पैसे. नुसत्या लान्सने हेच काम तासाला 150 च्या पुढे जात नाही. दिवसाला 700 फूट होईल आणि गिऱ्हाइकाला फूट जवळपास नऊ रुपयांना पडेल. त्यातही लान्सने धुतलेल्या जमिनीवर पट्टे उठतात ते वेगळेच. 5 एचपी थ्री-फेज, 150 बार, 13 लिटरचं यंत्र 18 इंची क्लीनरसह दिवसाला 2,500 फुटांपर्यंत जातं. त्याचा दिवसाचा दर 7,400 आला तरी फूट तीन रुपयांच्या आतच पडतं. म्हणून दोन कोटेशनांची तुलना नुसत्या रोजावर करू नये, हे कमिटीला शांतपणे समजावून सांगा. ज्याचा रोज जास्त, त्याचं एकूण बिल कमी येऊ शकतं.

क्लीनरचे नोझल यंत्राला जुळलेले हवेत. 120 बार आणि 10 लिटरला एकूण 040 मापाचं नोझल लागतं, म्हणजे क्लीनरच्या दोन हातांना प्रत्येकी 020. दुकानातून बसवून आलेले 025 तसेच ठेवले तर दाब 120 वरून 77 बारवर येतो. यंत्र तेच, माणूस तोच, पण मळ सुटत नाही आणि दिवस दीडपट लांबतो. झिजलेल्या नोझलचंही तसंच. भोकाचं क्षेत्रफळ 10 टक्क्यांनी वाढलं की 120 चे 99 बार होतात. गेजवर दाब घसरलेला दिसला तर पंप उघडायच्या आधी नोझल बदलून बघा.

नव्या प्रकारच्या जमिनीवर अंदाज चालत नाही, तुकडा धुऊन बघावा. 10 फूट बाय 10 फुटांचा चौकोन खडूने आखा, घड्याळ लावा. 18 मिनिटं लागली तर तासाला 333 फूट, साडेचार तासांत 1,500. 30 मिनिटं लागली तर 900. हा तुकडा सेक्रेटरीच्या समोर धुवावा. किती स्वच्छ होणार आणि कोणता डाग जाणार नाही, हे दोघांनाही दिसतं आणि नंतरचा निम्मा वाद तिथेच मिटतो.

रोजावर की उक्तं

सपाट, मोजता येणारी जागा असेल तर तुकड्यावरून दिवस काढा आणि काम उक्तं सांगा. रोजावर घेतलेल्या कामात गिऱ्हाइकाच्या मनात सतत असतं की ही माणसं वेळ काढतायत. तेलाने काळवंडलेली गॅरेजची जमीन, जुनी दगडी भिंत, कित्येक वर्षं न धुतलेलं कंपाउंड असल्या कामांना मात्र रोजच बरा, कारण आत काय निघेल ते सांगता येत नाही. तिथे रोजाबरोबर ‘दिवसाला किमान इतकं क्षेत्र’ असा शब्द द्यावा. त्याने गिऱ्हाइकाची धास्ती जाते.

अर्ध्या दिवसाचा दर निम्मा ठेवू नका. उरलेला अर्धा दिवस दर वेळी दुसरीकडे विकला जात नाही. दोनांत एकदा विकला जातो असं धरलं तर 4,676 चे तीन चतुर्थांश म्हणजे 3,507, त्यात वरखर्च 500 आणि 15 टक्के. आकडा 4,600 च्या आसपास येतो. बंगल्यातल्या 300 फुटांच्या अंगणाला हे जड वाटेल. तिथे शेजारच्या दोन बंगल्यांची कामं एकाच दिवशी जोडायला सांगा आणि पूर्ण दिवसाचा दर तिघांत वाटून द्या. तिघांनाही परवडतं.

सलग तीन-चार दिवसांचं काम असेल तर सूट मागितली जाते. ती खरोखर वाचलेल्या खर्चाइतकीच द्यावी. यंत्र सोसायटीच्या कुलूपबंद खोलीत राहिलं तर टेम्पोची फेरी वाचते, 200-250 रुपये. तेवढी सूट, म्हणजे चार टक्के. शिवाय मांडणी-आवरणीची पाऊण तास बचत होते. ती क्षेत्रात दिसते, दिवसाला दोन-अडीचशे फूट जास्त. 20 टक्के सूट दिलीत तर ती तुमच्या पगारातून गेली.

पावसाळ्यातली सूट वेगळी. पोडियमखालचं पार्किंग, बेसमेंट, कारखान्याच्या शेडची जमीन ही कामं जुलै-ऑगस्टला ढकलता आली तर एरवी रिकामे गेलेले दिवस भरतात. असे 20 दिवस वाढले तर 7,95,000 ला 190 ने भागायचं, आणि दिवसाचा स्थिर खर्च 4,676 वरून 4,184 वर येतो. म्हणून पावसाळ्यात आच्छादित कामाला 5,300 घेतले तरी परवडतं. सूट का आणि फक्त या महिन्यांत का, हे कोटेशनवर लिहा. नाहीतर पुढच्या दिवाळीला तोच आकडा समोर धरला जाईल. बेसमेंटमध्ये पेट्रोल इंजिनचं यंत्र मात्र कुठल्याही दराला न्यायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही आणि माणूस जिवाला मुकतो.

दसरा ते दिवाळी मागणी एवढी असते की दर दुप्पट सांगायचा मोह होतो. मला ते पटत नाही. वर्षभराचा दर नीट काढला असेल तर हंगामात वाढवायची गरज नसते. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी काम हवं असेल तर हेल्परचा दुप्पट ओव्हरटाइम आणि तुमचा वेळ धरून जादा आकार घ्या. तो कशाचा ते सांगता येतं.

दरात काय आहे, काय नाही

वरच्या हिशेबात पाणी आणि वीज गिऱ्हाइकाची धरली आहे. दिवसाला 10 लिटर गुणिले 270 मिनिटं, म्हणजे 2,700 लिटर. मागचंपुढचं पाणी धरून 3,000 सांगा. वीज 12 ते 13 युनिट. हे आकडे आधीच दिले की कमिटी टँकर मागवायचा की नाही ते ठरवू शकते. पेट्रोलवरचं साडेसहा एचपीचं यंत्र नेणार असाल तर दिवसाला सात-आठ लिटर पेट्रोल लागतं. लिटरला 105 धरले तर जवळपास 800 रुपये. ते दरात वेगळे दाखवा.

पाहणीच्या वेळी नळाखाली 20 लिटरची बादली लावा. 90 सेकंदांच्या आत भरली तर मिनिटाला 13 लिटरहून जास्त पाणी आहे, 10 लिटरच्या यंत्राला पुरेसं. नाही भरली तर टाकी भरून ठेवायला हवी आणि यंत्राला तीन चतुर्थांश इंचाच्या पाइपने पाणी द्यायला हवं. पंपाला पाणी कमी पडलं की आत बुडबुडे होऊन फुटतात, खडी हलवल्यासारखा आवाज येतो, गन झटके देते. तसाच चालवला तर सील आणि व्हॉल्व्ह काही तासांत खराब होतात. बोअरच्या पाण्यात रेती असते, इनलेटचा फिल्टर दर दोन तासांनी धुवावा. ट्रिगर सोडून यंत्र तसंच चालू ठेवलं तर तेच पाणी पंपात फिरून तापतं. गाडी हलवायला दोन मिनिटांहून जास्त लागणार असतील तर मोटार बंद करा. तेल पहिल्यांदा 50 तासांनी, पुढे 300 तासांनी बदला. काचेतून ते दुधाळ दिसलं तर सीलमधून पाणी शिरलंय, तासांची वाट बघू नका. वर्षाचे 18,000 दुरुस्तीला पुरतात ते या सवयी असतील तरच.

केबल 30 मीटरपर्यंत 2.5 चौरस मिलिमीटरची, त्यापुढे 50 मीटरपर्यंत 4 ची. एक चौरस मिलिमीटरच्या घरगुती एक्स्टेन्शनवर मोटारला व्होल्टेज कमी मिळतं, ती सुरू होताना अडते आणि केबल तापते. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी तुमच्या पेटीतच असू द्या, सोसायटीच्या बोर्डावर आहे की नाही यावर विसंबू नका. ओल्यात उभ्या हेल्परच्या जिवाचा प्रश्न आहे. धार हाताला लागून कातडीत छोटंसं छिद्र जरी दिसलं तरी पट्टी बांधून काम पुढे चालवू नये. पाणी आणि घाण आत खोलवर गेलेली असते. थेट रुग्णालयात न्यावं आणि उच्च दाबाची धार लागली असं डॉक्टरांना स्पष्ट सांगावं.

रसायनाचा खर्च फार नसतो, पण चूक महाग पडते. शेवाळाला बाजारात मिळणारं 10-12 टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट, एक भाग त्यात सात भाग पाणी. ते सव्वा ते दीड टक्का होतं. 1,500 फुटांना साधारण 30 लिटर मिश्रण, म्हणजे मूळ द्रावण चार लिटरच्या आत. 15 मिनिटं राहू द्यायचं, वाळू द्यायचं नाही, कडेची झाडं आधी साध्या पाण्याने भिजवायची. जिथे आधी कुणी ॲसिड टाकलंय तिथे हे घालू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. पार्किंगमधल्या तेलाच्या डागांना अल्कली डिग्रीझर लागतं, आणि जुना डाग पूर्ण जाईल असं कबूल करू नये.

काही पृष्ठभाग असे असतात की त्यांना दिवसाचा नेहमीचा दर लावताच येत नाही. कोकण-गोव्यातला जांभा मऊ असतो. जवळून मारलेल्या अरुंद धारेने त्याला खड्डे पडतात. तिथे 40 अंशांचं पांढरं नोझल, 60 ते 80 बार आणि हातभर अंतर, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. जुन्या वाड्याच्या चुन्याच्या दर्जा (दगड-विटांच्या सांध्यांतला भराव) धारेने निघून येतात, ते काम घेऊच नये. मंगलोरी कौलांवर चढायचं नसतं आणि खालून वर धार मारली तर पाणी घरात जातं. पेव्हर ब्लॉकच्या फटींतली वाळू थोडी तरी निघतेच. ती पुन्हा भरायची असेल तर वाळू आणि अर्ध्या दिवसाची मजुरी वेगळी. 0 अंशाचं लाल नोझल सिमेंटवर कायमची रेघ ओढतं. ते हेल्परच्या डब्यात ठेवूच नका.

धुतल्यावर निघालेला गाळ कुणाचा, हाही पैशाचा प्रश्न आहे. तो पावसाच्या चेंबरमध्ये ढकलला तर पुढच्या जूनला पाणी तुंबतं. वायपरने ओढून पोत्यात भरणं दरात आहे, पोती बाहेर नेणं नाही, असं लिहा.

कोटेशन आणि पैसे

लांबलचक कोटेशन कुणी वाचत नाही. व्हॉट्सॲपवर मावेल एवढं पुरे:

‘पेव्हर ब्लॉक पार्किंग, मोजलेलं क्षेत्र 2,800 चौरस फूट. 2 दिवस, रोज 6,200, एकूण 12,400 रुपये. वेळ 9 ते 6. पाणी दिवसाला 3,000 लिटर आणि 16 अँपिअरचा पॉइंट सोसायटीचा. गाड्या सकाळी 9 पूर्वी हलवलेल्या असाव्यात. आमच्या यंत्रामुळे उशीर झाला तर जादा आकार नाही. पाणी, वीज किंवा गाड्यांमुळे तासाहून जास्त थांबावं लागलं तर पुढच्या प्रत्येक तासाला 775. काम सुरू होण्याआधी पाऊस आला तर तारीख बदलू, आकार नाही. सुरू झाल्यावर थांबलं तर झालेल्या क्षेत्राचे पैसे. वाळू भरणं आणि गाळाची पोती बाहेर नेणं यात नाही. आगाऊ 5,000, उरलेले काम दाखवल्यावर. दर 30 दिवस लागू.’

775 हा आकडा 6,200 भागिले 8. उशीर आपला असेल तर आपण सोसायचा आणि त्यांचा असेल तर त्यांनी, हे दोन्ही एकाच ठिकाणी लिहिलेलं असलं की थांबण्याच्या आकाराला सहसा कुणी हरकत घेत नाही.

170 दिवस गुणिले 6,200 म्हणजे साडेदहा लाखांच्या आसपास. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला 20 लाखांची, त्यामुळे एका यंत्रावर चालणाऱ्या धंद्याला सहसा नोंदणी लागत नाही. नोंदणी नसेल तर बिलात जीएसटी लावता येत नाही, आणि यंत्र घेताना भरलेला जीएसटीही परत मिळत नाही. म्हणून वरच्या 83,000 मध्ये किमती करासकट धरायच्या. सोसायटीचं एक बिल 30,000 च्या वर गेलं, किंवा वर्षाचं एकूण एक लाखाच्या वर, तर कंत्राटी कामावर 1 टक्का टीडीएस कापला जाऊ शकतो. पॅन द्या, म्हणजे कापलेला टीडीएस विवरणपत्रात मिळतो. पॅन दिला नाही तर 20 टक्के कापतात. सोसायटीचा चेक दोन सह्यांसाठी महिनाभर अडकतो. आगाऊ रक्कम निदान रोजचा खर्च आणि हेल्परच्या पगाराएवढी तरी हवी.

दर वर्षातून एकदा, एप्रिलमध्ये, पुन्हा काढा. त्यासाठी एक वही ठेवा आणि रोज संध्याकाळी पाच गोष्टी लिहा: बिल झालं की नाही, नसेल तर कशामुळे, ट्रिगरचे तास, झालेलं क्षेत्र आणि त्या दिवशी खिशातून गेलेले पैसे. मार्चअखेरीला पहिल्या रकान्याची बेरीज 170 च्या जागी 148 आली, तर पुढच्या वर्षीचा भागाकार 148 ने करायचा. 190 आली तर जुन्या गिऱ्हाइकांना दर कमी करून द्यायचा.